जुन्या रेकॉर्ड विकायला काढताय? आधी या चुका टाळा

जुन्या ट्रंकेतून रेकॉर्डचा गठ्ठा निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'याचे किती येतील?' मग कव्हरवरचं साल बघायचं, गायकाचं नाव बघायचं आणि आकडा मनात धरायचा. खरं तर साल आणि नाव या दोन्हींवर किंमत फार थोडी अवलंबून असते. आपल्या हातातली प्रत नेमकी कोणत्या छपाईची (म्हणजे तबकडी कोणत्या वेळी काढलेल्या प्रतींपैकी) आहे आणि ती आज कशा अवस्थेत आहे, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. माझ्याकडे विचारणा घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकजण याच दोन ठिकाणी फसलेले असतात.

जुनी आहे म्हणजे महाग आहे, असं धरून चालणं

अमेरिकन ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्टची 'व्हिप्ड क्रीम अँड अदर डिलाइट्स' ही एलपी (लांब वाजणारी मोठी तबकडी) १९६५ची. म्हणजे साठी गाठलेली. पण एकट्या अमेरिकेत तिच्या ६० लाखांहून जास्त प्रती खपल्या, त्यामुळे आजही ती कुठल्याही जुन्या ढिगाऱ्यात सापडते आणि अगदी स्वस्तात मिळते. जी रेकॉर्ड तेव्हा घरोघरी होती, ती आज दुर्मीळ कशी असेल?

उलट १९९०च्या दशकातल्या एलपी बघा. तेव्हा सगळं जग सीडीकडे वळलं होतं आणि कंपन्या विनाइल मोजकंच काढत होत्या. म्हणून त्या काळातल्या काही लोकप्रिय अल्बमच्या मूळ एलपींना साठच्या दशकातल्या कित्येक रेकॉर्डपेक्षा जास्त भाव मिळतो. 'ही काय कालपरवाची' म्हणून अशी प्रत बाजूला टाकू नका.

कव्हरवरच्या सालावर विश्वास ठेवणं

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात, विकणाऱ्याचेही आणि घेणाऱ्याचेही. एकच अल्बम वीस वेळा पुन्हा छापला जातो आणि प्रत्येक वेळी मागच्या बाजूला तेच मूळ साल राहतं. त्यामुळे कव्हर बाजूला ठेवा, तबकडी बाहेर काढा.

शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या गोल कागदी लेबलाच्या आधी जो गुळगुळीत पट्टा असतो, त्याला रन-आउट म्हणतात. दिव्याखाली तिरपी धरली की तिथे कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतात. हा मॅट्रिक्स नंबर, आणि माझ्या मते रेकॉर्डवरची सर्वांत भरवशाची खूण हीच. तो जसाच्या तसा, रेघा-टिंबांसकट उतरवून घ्या आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या वेबसाइटवर जुळवून पाहा. आकडा एका अक्षरानेही वेगळा असेल तर ती वेगळी प्रत समजायची.

दुसरी खूण लेबल. बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी'ची (१९६३) पहिली ब्रिटिश छपाई काळ्या लेबलावर सोनेरी अक्षरांत होती. लवकरच पिवळ्या अक्षरांचं लेबल आलं. गाणी तीच, पण सोनेरी अक्षरांच्या प्रतीचा, त्यातही स्टिरिओ प्रतीचा, भाव कुठल्या कुठे जातो. ब्लू नोट या कंपनीच्या जॅझ रेकॉर्डमध्ये लेबलावरचा पत्ता पाहतात आणि रन-आउटमधली कानासारखी दिसणारी छोटी खूण शोधतात. ती प्लास्टिलाइट या कारखान्याची, आणि हा कारखाना ब्लू नोटसाठी १९६६पर्यंतच तबकड्या काढत होता. कव्हरवर छापलेला बारकोड असेल तर प्रश्नच मिटला, ती साठच्या दशकातली प्रत नाही.

मोनो की स्टिरिओ, हेही सोडू नका. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोनो भरपूर आणि स्टिरिओ कमी निघायच्या. १९६८च्या सुमारास उलटं झालं. मोनो बंद होत आली आणि शेवटच्या मोनो प्रती आज शोधाव्या लागतात.

'गुड' म्हणजे चांगली, असं समजणं

रेकॉर्डची अवस्था सांगायला गोल्डमाइन या मासिकाची प्रतवारी जगभर वापरतात: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड आणि खाली. शब्द फसवे आहेत. 'व्हेरी गुड' प्रतीत ओरखडे दिसतात आणि शांत जागी खरखर ऐकू येते. 'गुड' म्हणजे कशीबशी वाजणारी. अंदाज घ्यायचा तर निअर मिंटच्या निम्मी किंमत व्हेरी गुड प्लसला, साधारण पाव व्हेरी गुडला आणि 'गुड'ला जेमतेम दहा-पंधरा टक्के. तबकडी आणि कव्हर यांची प्रतवारी वेगवेगळी लिहा.

खोलीतल्या मंद उजेडात प्रत नेहमी छान दिसते. एका दिव्याखाली ती हळूहळू फिरवा. बोटाने हलकेच चाचपल्यावर लागणारा चरा बहुधा ऐकूही येतो. मग वाजवून बघा:

- प्रत्येक फेऱ्याला त्याच ठिकाणी 'टक्' होत असेल तर चरा आहे.
- सगळीकडे बारीक चरचर असेल तर बरेचदा धूळ असते. धुतल्यावर फरक पडतो.
- आवाज चढला की फाटतो, आणि तेही शेवटच्या गाण्यांत जास्त, तर खाचा झिजल्या आहेत. यावर इलाज नाही, ते वर्णनात लिहावंच लागतं.

७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई लावून 'खराब आहे' असा निकाल देऊ नका. आणि ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर एकदा जरी टेकवली, तरी ती एलपी संपली.

साफसफाई आणि दुरुस्ती

सुरुवातीच्या काळात मी एक ७८ची तबकडी स्पिरिटने पुसली. काही क्षणांत कापसावर काळपट चिकट थर आला आणि तबकडीची चकाकी कायमची गेली. त्या तबकड्या लाखेच्या. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ती आज माझ्याकडे धड असती. अशा तबकडीला शुद्ध पाणी, एखादा थेंब सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. लेबलाला पाणी लागू देऊ नका.

वाकलेली रेकॉर्ड ओव्हनमध्ये किंवा इस्त्रीखाली सरळ करायला जाऊ नका. फाटलेल्या कव्हरला चिकटपट्टीही नको.

'सुधारण्या'च्या हौसेचं सर्वांत मोठं उदाहरण बीटल्सच्या 'यस्टर्डे अँड टुडे'चं. १९६६मध्ये तिच्या कव्हरवरच्या मांसाचे तुकडे आणि बाहुल्यांच्या फोटोवरून ओरड झाली, तेव्हा कंपनीने अनेक कव्हरांवर नवा फोटो चिकटवला. खालचा फोटो बघायला लोकांनी वाफ देऊन वरचा कागद सोलला आणि बहुतेकांनी दोन्ही फाडले. आता हात न लावलेली, चिकटवलेली प्रतसुद्धा संग्राहक मुद्दाम मागतात.

आतले कागद फेकून देणं

पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) पोस्टर आणि स्टिकर होते. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बममध्ये (१९६८) पोस्टर, चार फोटो आणि कव्हरवर उमटवलेला अनुक्रमांक. हे सगळं असेल तर प्रत पूर्ण. अनुक्रमांकाचा मोह मात्र आवरा. ००००००१ नव्हे, तर लाखांतला आकडा असलेल्या प्रती ढिगाने आहेत. पहिल्या क्रमांकाची प्रत २०१५मध्ये ७,९०,००० डॉलरला गेली, पण ती बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याची स्वतःची होती.

मागितलेली किंमत खरी मानणं

कुणी काय मागतंय, याने काही कळत नाही. डिस्कॉग्जवर आधीच्या विक्रीचा इतिहास दिसतो, पॉपसाइक या वेबसाइटवर जुन्या लिलावांचे निकाल सापडतात. तिथे आपल्याच प्रतवारीची प्रत किती वेळा आणि कितीला गेली ते बघा. लिलावातली बोलीसुद्धा पैसे हातात पडेपर्यंत खरी नसते. व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडची १९६६ची एक चाचणी तबकडी २००२मध्ये ७५ सेंटला विकत घेतली गेली होती. २००६मध्ये ईबेवर तिची बोली १,५५,४०१ डॉलरवर थांबली. घेणारा खोटा निघाला. पुन्हा लिलाव झाला तेव्हा हाती आले २५,२०० डॉलर.

ठेवणं आणि पाठवणं

उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून, पण दाटीवाटीने नाही. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि कव्हरवर तबकडीचं वर्तुळ उमटतं. शंभर एलपींचं वजन सहज पंचवीस किलोच्या घरात जातं, तेव्हा फळी मजबूत हवी. ऊन नको, बंद गाडीत तर अजिबात नको. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत तबकडीवर धूसर डाग पाडतात, पॉलिथिनच्या घ्या.

पोस्टाने पाठवताना तबकडी कव्हरमधून काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेवा. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावा. आत तशीच राहिली तर वाटेतल्या आदळआपटीत तिची कड कव्हरची शिवण फाडून बाहेर येते.