चलनी की अचलनी? संग्रहाच्या नोंदवहीत नाण्यांची वर्गवारी करण्याची पद्धत

संग्रहाची नोंदवही लिहिताना सर्वाधिक घोळ होतो तो झीज आणि प्रकार यांची सरमिसळ झाल्यामुळे. नाणे लखलखीत दिसले की ते ‘अचलनी’च्या रकान्यात टाकावेसे वाटते, आणि कड झिजलेली दिसली की ते आपोआप ‘चलनी’ ठरते. वास्तविक झीज ही नाण्याची स्थिती सांगते, प्रकार नव्हे. टांकसाळीतून बँकेच्या पिशवीत आणि तिथून थेट अल्बममध्ये गेलेले साधे नाणे एकदाही खर्चले गेलेले नसले, तरी ते चलनी प्रकाराचेच आहे. उलट एखादे प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले नाणे कोणी डबीतून काढून वर्षभर खिशात खुळखुळवले, तरी ते त्यामुळे चलनी होत नाही. ‘अनसर्क्युलेटेड’ ही संज्ञा स्थितीची आहे आणि ‘नॉन-सर्क्युलेटिंग’ ही प्रकाराची. दोहोंसाठी ‘अचलनी’ हा एकच शब्द वापरला की नोंदवही तिथेच बिघडते. मीही काही वर्षे तसेच लिहीत होतो आणि पुढे जुन्या नोंदी एकेक करून तपासत बसावे लागले. तेव्हापासून मी पहिलीसाठी ‘कोरे’ आणि दुसरीसाठी ‘अचलनी’ असे लिहितो.

प्रकार ठरवताना प्रश्न एकच विचारावा: नाणे काढणाऱ्या सत्तेने ते लोकांच्या व्यवहारात फिरावे या हेतूने, दर्शनी मूल्याला बाहेर सोडले होते का? उत्तर ‘होय’ असेल तर नाणे चलनी. ते केवळ संग्राहकांना किंवा गुंतवणूकदारांना जास्त किमतीने विकण्यासाठी पाडले असेल तर अचलनी. हे उत्तर नाण्याकडे पाहून क्वचितच मिळते. ते राजपत्रातील अधिसूचनेत, टांकसाळीच्या विक्रीपत्रकात आणि किती नाणी पाडली याच्या वार्षिक आकड्यांत असते.

नाणे कायदेशीर चलन आहे की नाही, ही कसोटी येथे उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक अचलनी नाणीही कायद्याने वैधच असतात. अमेरिकेच्या १९८६ पासूनच्या ‘सिल्व्हर ईगल’ नाण्यावर एक डॉलर असे मूल्य छापलेले असते, पण त्यात एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम चांदी असते. ते एक डॉलरला खर्चण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९६७ पासूनच्या क्रुगरँडवर तर दर्शनी मूल्यच नाही, तरीही ते तिथे कायदेशीर चलन आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त भारत सरकारने काढलेले १००० रुपयांचे नाणेही याच वर्गात बसते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. भारतातील २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून काढून घेतले गेले, पण म्हणून नोंदवहीत ते अचलनी होत नाही. ते चलनी प्रकाराचे, सध्या बाद झालेले नाणे आहे. म्हणून ‘वैधता’ हा रकाना वेगळा ठेवावा.

खरी कसोटी लागते ती एकाच नाण्याची काही साले चलनात आली आणि काही आली नाहीत तेव्हा. अमेरिकेचा केनेडी अर्धा डॉलर १९६४ मध्ये सुरू झाला आणि चलनात आला, मात्र २००२ ते २०२० या काळात तो केवळ संग्राहकांसाठी पाडला गेला आणि २०२१ पासून पुन्हा चलनासाठी निघू लागला. मधल्या काळातील नाणी टांकसाळीने रोल आणि पिशव्यांमधून दर्शनी मूल्याहून जास्त किमतीला विकली. २००१ च्या चलनी नाण्याचाच धातू, तेच वजन, छापही तीच. कोणीतरी असा रोल फोडून खर्च केला की २००५ चे नाणे सुट्या पैशांत सापडते, आणि सापडणारा ते बिनदिक्कत ‘चलनी’ म्हणून लिहितो. असे नाणे कुठे सापडले हे शेऱ्यात जरूर लिहावे. प्रकार मात्र अचलनीच. ब्रिटनच्या क्यू उद्यानाच्या ५० पेन्सचेही असेच आहे. २००९ ची २,१०,००० नाणी चलनात आली, पण तीच छाप २०१९ हे साल घालून फक्त संग्राहकांच्या संचांत दिली गेली. वर्गवारी छापेनुसार न करता साल आणि घडणीनुसार (साधी की प्रूफ) करावी, ती यासाठी.

घडण मात्र हाताने तपासता येते. नाणे कडेने धरून दिव्याखाली हळूहळू तिरपे करावे. साध्या घडणीच्या कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात, आणि बारकाईने पाहिल्यास इतर नाण्यांवर आदळून पडलेले सूक्ष्म ओरखडेही आढळतात. प्रूफ नाणे घासून चकचकीत केलेल्या साच्याने, बहुधा एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडलेले असते. त्याच्या शेजारी छापील कागद उभा धरला, तर सपाट भागात अक्षरे आरशातल्यासारखी उलटी, पण वाचता येतील इतकी स्पष्ट उमटतात. तथापि नव्या साच्यातून निघालेली पहिली काही चलनी नाणीही आरशासारखी दिसू शकतात, त्यामुळे केवळ चकाकीवर निकाल देऊ नये. टांकसाळीने मोहोरबंद केलेला संच या तपासणीसाठी फोडण्याचे तर काहीच कारण नाही.

काही नाणी दोन्ही वर्गांच्या मधोमध अडकतात. मोनॅकोने २००७ मध्ये ग्रेस केली यांच्या स्मरणार्थ काढलेले २ युरोचे नाणे २५.७५ मिलिमीटर व्यास आणि ८.५ ग्रॅम वजन या चलनी मापातच आहे आणि संपूर्ण युरो क्षेत्रात वैध आहे, पण ती २०,००१ नाणी डब्यांतूनच संग्राहकांकडे गेली. काही संग्राहक माप पाहून ते चलनी मानतात. मी वितरण पाहतो आणि ‘चलनी मापाचे, अचलनी वितरण’ असे लिहितो. अमेरिकेचे १९३३ चे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे नेमके उलट्या बाजूचे आहे. ४,४५,५०० नाणी चलनासाठी पाडली गेली, पण ती अधिकृतपणे बाहेर आलीच नाहीत आणि बहुतेक वितळवली गेली. अशांसाठी ‘चलनासाठी पाडलेले, जारी न झालेले’ असा तिसरा वर्ग ठेवावा लागतो. त्यांना अचलनीत ढकलणे चूक आहे. नमुन्यादाखल पाडलेली नाणी आणि कोणत्याही सत्तेने न काढलेली पदके यांचे विभाग वेगळे ठेवावेत.

यावरून प्रत्येक नोंदीत प्रकार, घडण, स्थिती, वैधता आणि पाडलेल्या नाण्यांची संख्या हे रकाने स्वतंत्र हवेत. संख्या प्रत्येक घडणीची निराळी लिहावी, कारण चलनी आणि प्रूफ आकड्यांची बेरीज केली की दुर्मीळतेचा अंदाजच चुकतो. संख्या वगळता नमुना असा: ‘अमेरिका, अर्धा डॉलर, केनेडी, २००५, प्रकार: अचलनी, घडण: साधी, स्थिती: हलकी झीज, वैधता: वैध, शेरा: सुट्या पैशांत मिळाले.’ येथे ‘अचलनी’ आणि ‘हलकी झीज’ शेजारी-शेजारी आले तरी त्यांत विरोध नाही. शेवटी ‘आधार’ असा एक अरुंद रकाना ठेवून प्रकार कशावरून ठरवला ते एका शब्दात लिहावे: अधिसूचना, विक्रीपत्रक, की निव्वळ अंदाज. अंदाजाने भरलेला प्रकार मी पेन्सिलने लिहितो आणि कागद हाती आला की त्यावर शाई फिरवतो.