नक्षीदार बेडूक ओळखताना या चुका टाळा

पहिल्या जोरदार सरींनंतर खाचराच्या बांधावर रुपयाच्या नाण्याएवढे बेडूक उडताना दिसले, की आपण ‘पिल्लं आहेत’ म्हणून पुढे जातो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मायक्रोहायला ऑर्नाटा, म्हणजे चिंचोळ्या तोंडाचा नक्षीदार बेडूक, पूर्ण वाढला तरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो.

रंगावर जाऊ नका. तो तपकिरी, करडा, कधी गुलाबीसर दिसतो. पाठीवरची गडद नक्षी बघा: डोळ्यांमधून सुरू होते, मानेपाशी आवळते आणि मागे पसरत जाते. अंग गुळगुळीत, डोकं लहान आणि टोकदार, मागचा भाग रुंद. शेतातल्या इतर बेडकांच्या पिल्लांत डोळ्यामागे कानाची गोल चकती दिसते, याची दिसत नाही. म्हणून फोटो वरून आणि बाजूनं, दोन्हीकडून घ्या.

आवाजानंही फसगत होते. रात्री डबक्याकाठी खरखरीत, मोठा आवाज येतो आणि आपण मोठा बेडूक शोधत बसतो. नर असतो गवताच्या बुडाशी, अगदी पायाजवळ. विजेरी फिरवत गेलात तर गप्प होईल. प्रकाश मंद करून चार-पाच मिनिटं हलू नका, पुन्हा बोलू लागतो. हाताला डासांचं मलम असेल तर त्याला मुळीच उचलू नका, त्याची त्वचा ते शोषून घेते.

डबक्यातली पारदर्शक ‘माशांची पिल्लं’ नीट पाहा. पाण्याच्या मधल्या थरात घोळक्यानं तरंगणारी, शेपटीचं टोक दोऱ्यासारखं बारीक, ती बहुधा याचीच बेडूकपिल्लं. ती पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. मोठी झाली की मुंग्या आणि वाळवी. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि तोवर डास होतील म्हणून अशा किती डबक्यांत आम्ही रॉकेल ओतलं होतं. त्याची खंत अजून आहे. अंडी पाण्यावर एकेरी थरात, पातळ सायीसारखी पसरलेली असतात. ती दिसली तर डबकं महिनाभर तरी तसंच राहू द्या.

नाव लिहितानाही घाई नको. 2015 मध्ये बांगलादेशातल्या नीलफामारीवरून मायक्रोहायला निलफामारीएन्सिस ही जवळपास तशीच दिसणारी जाती नोंदवली गेली. ती भारतातही आढळते. नुसता फोटो असेल तर ‘मायक्रोहायला’ एवढंच लिहा; सोबत गाव, तारीख आणि जमलं तर आवाजाचं रेकॉर्डिंग जोडा.