हायब्रिड गाडीची छोटी बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? या चुका टाळा

जुनी हायब्रिड गाडी सकाळी चालू होत नाही, डॅशबोर्डवर एकदम सगळे दिवे लागतात, आणि लगेच गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या खर्चाची धास्ती बसते. पहिली चूक इथेच होते. असं झालं की आधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. तिचं व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर गोंधळतात आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा सूचना दाखवू लागतात.

टोयोटा प्रियससारख्या गाडीत इंजिन फिरवायला वेगळा स्टार्टर नसतो. ते काम मोठ्या बॅटरीवरची मोटर-जनरेटर करते. छोटी बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडते. त्यासाठी करंट कमी लागतो, म्हणून अगदी थकलेली बॅटरीही बराच काळ निभावून नेते. साध्या गाडीत स्टार्टर मंदावला की मालक सावध होतो, इथे तसा इशारा मिळत नाही. म्हणून जुन्या गाडीत मल्टिमीटर ठेवाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर ठीक. 12 च्या आसपास असेल तर ती बरीचशी रिकामी आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कारण न शोधता नवी बॅटरी टाकणं. ती काही महिन्यांत उतरते, मग दोष कंपनीच्या माथी मारून आणखी एक आणली जाते. उभी गाडीही थोडा करंट घेतच असते; 20 ते 50 मिलिअँपिअर सहसा चालण्यासारखं. पण 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत 25. प्रियसची ही बॅटरी जेमतेम 35 ते 45 अँपिअर-अवरची असते. वरून डॅशकॅम, ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर हिशेब आठवड्यावर येतो. आणि दर खोल डिस्चार्जला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता कायमची घटते.

उभ्या गाडीतली ही करंटची गळती मोजताना घाई नको. निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरी यांच्या दरम्यान मीटर जोडा, चावी गाडीपासून लांब ठेवा आणि सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत अर्धा तास तरी थांबा. आधी वाचलेला आकडा हमखास जास्त येतो. मीटर जोडलेला असताना स्टार्टचं बटण दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर तो पडतो, त्याच सर्किटमध्ये चोर आहे.

गळती नसेल तर चार्जिंग बघा. या गाड्यांत अल्टरनेटर नसतो, डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करतो, तोही फक्त गाडी चालायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा लागलेला असताना. त्या वेळी टर्मिनलवर साधारण 14 व्होल्ट दिसायला हवेत. 12 च्या घरातच राहिलं तर कन्व्हर्टरला दोष देण्याआधी गंजलेलं टर्मिनल, ढिली अर्थिंग आणि फ्यूज तपासा. ‘रेडी’ न करता रेडिओ ऐकत बसण्याची सवयही बॅटरी खाते. पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी उतरलेली बॅटरी भरत नाही. ती भरायला गाडी बंद गॅरेजमध्ये ‘रेडी’त ठेवू मात्र नका, इंजिन आपोआप सुरू होतं आणि विषारी धूर साठतो. त्यापेक्षा कमी करंटचा, एजीएम (आत अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली, सीलबंद बॅटरी) मोड असलेला चार्जर लावा.

बॅटरी डिकीत, म्हणजे केबिनच्या हवेतच असेल तर स्वस्त मिळते म्हणून साधी बॅटरी बसवू नका. गॅस बाहेर नेणारी नळी जोडता येणारी एजीएम बॅटरीच हवी, आणि नळी खरोखर जोडली आहे ना, हे स्वतः बघा. मोठ्या बॅटरीचा जास्त व्होल्टेज वाहणाऱ्या नारिंगी केबलना हात लावू नका.

जंपर केबल उलटी लावली तर फ्यूजच नव्हे, कन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरही जाऊ शकतो, म्हणून दुसरी गाडी शेजारी लावल्यावर प्लस-मायनस दोनदा वाचा. काही मॉडेलना बॉनेटखाली जंपचं टर्मिनल दिलेलं असतं. ते कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आजच शोधून ठेवा. बॅटरी पूर्ण उतरली की विजेवर उघडणारी डिकीही उघडत नाही.