विम्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वीची तयारी

आयुर्विम्याचे हप्ते आपण भरतो, पण पॉलिसीची फाइल खऱ्या अर्थाने उघडण्याची वेळ येते तेव्हा ती पत्नीच्या, आईच्या किंवा नुकतीच अठरा पूर्ण केलेल्या मुलीच्या हातात असते. म्हणून कंपनी आणि योजना पारखताना प्रत्येक मुद्दा त्या व्यक्तीच्या जागी बसून तपासावा. आमच्या घरी हे कोणी केले नव्हते. परळच्या चाळीत वडिलांच्या ओळखीचे एक एजंट वर्षानुवर्षे हप्ता न्यायला येत, चहा घेत आणि पावती देत. वडील गेल्यावर कपाटातून तीन मनी-बॅक पॉलिसी निघाल्या आणि तिन्हींचे विमा संरक्षण मिळून एक लाख पंच्याहत्तर हजार भरले. त्या रकमेत आईचा एका वर्षाचा घरखर्च कसाबसा निघाला. हप्ते एकदाही चुकले नव्हते. रक्कम किती हवी, हा हिशेबच कधी कोणी मांडला नव्हता.

तो हिशेब पहिला, आणि तो कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक हातात घेण्यापूर्वी वहीत करावा. समजा कांदिवलीत वन बीएचकेमध्ये राहणारे चौघांचे कुटुंब आहे, गृहकर्जाचा हप्ता सोडून महिन्याचा खर्च ५० हजार आहे आणि त्यातला १० हजार कमावत्या माणसाचा स्वतःचा आहे. उरलेल्या ४० हजारांचे वर्षाला ४ लाख ८० हजार होतात. मिळालेली रक्कम बँकेत ठेवली तर तिचे व्याज आणि महागाई साधारण एकमेकांना खाऊन टाकतील असे धरले, तर २० वर्षांसाठी ९६ लाख लागतील. त्यात शिल्लक गृहकर्जाचे ३८ लाख आणि मुलांच्या शिक्षणाचे २५ लाख मिळवावेत, म्हणजे १ कोटी ५९ लाख होतात. भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ आणि जुन्या पॉलिसी मिळून २३ लाख असतील तर ते वजा करावेत. उरतात १ कोटी ३६ लाख, म्हणून दीड कोटीचा विमा घ्यावा. राहते घर या वजाबाकीत धरू नये, कारण ते विकून कुटुंब राहणार कुठे, हा प्रश्न मुंबईत तरी सहज सुटणारा नाही. नोकरीच्या ठिकाणी मिळालेला गट विमा आणि भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेला ईडीएलआयचा ७ लाखांपर्यंतचा विमा हेही धरू नयेत, कारण ते नोकरीला बांधलेले असतात आणि नोकरी सुटली की जातात. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना जरूर घ्यावी, पण ती या हिशेबात चटणीइतकीच.

रक्कम ठरली की योजनेचा प्रकार बहुतेक आपोआप ठरतो, कारण दीड कोटीचे संरक्षण मध्यमवर्गीय पगारात फक्त मुदत विम्यातूनच, म्हणजे टर्म इन्शुरन्समधूनच, परवडते. ‘काही झाले नाही तर पैसे बुडाले’ ही त्याबद्दलची तक्रार मराठी घरांत हमखास ऐकू येते. सोसायटीच्या रखवालदाराचा पगार देताना ‘या महिन्यात चोर आलाच नाही’ असे कोणी म्हणत नाही, तरी विम्याच्या बाबतीत म्हटले जाते. मुदत किती घ्यावी, याला साधे माप आहे: कर्ज फिटेपर्यंत आणि धाकटे मूल कमावते होईपर्यंत, म्हणजे साधारण साठ-पासष्टाव्या वर्षापर्यंत. पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंतचा विमा हा बहुधा नसलेल्या उत्पन्नाचा विमा असतो. हप्ते परत देणाऱ्या टर्म योजनेत परत मिळणारे पैसे आपणच जादा हप्त्याच्या रूपाने आधी दिलेले असतात.

बचत आणि विमा एकत्र असलेल्या योजनेचा आग्रह घरातूनच झाला, तर ‘किती भरायचे आणि किती मिळणार’ या दोन आकड्यांवर थांबू नये. कोणते पैसे कोणत्या वर्षी जातात आणि येतात हे लिहून परताव्याचा दर काढावा. दरवर्षी ५० हजार असे २० वर्षे भरले आणि विसाव्या वर्षाअखेरीस १६ लाख ४० हजार मिळाले, तर दहा लाखांचे सोळा लाख झाले असे सांगितले जाते, पण तो दर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. हेच पैसे ७.१ टक्के दराने, म्हणजे एप्रिल २०२० नंतर पीपीएफला दीर्घकाळ मिळत राहिलेल्या दराने, वाढले असते तर बावीस लाखांच्या पुढे गेले असते. अशा पॉलिसीत विमा संरक्षण बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापटीच्या आसपास, म्हणजे या उदाहरणात पाचेक लाख असते, हेही त्याच कागदावर लिहावे. लाभाच्या तक्त्यात ४ आणि ८ टक्क्यांचे जे दोन रकाने दिसतात ती नुसती गृहीतके आहेत. खात्रीची रक्कम वेगळ्या रकान्यात असते आणि बोट तिथेच ठेवावे. युलिपमध्ये, म्हणजे हप्त्याचा काही भाग बाजारात गुंतवणाऱ्या विम्यात, पाच वर्षे पैसे अडकतात आणि निधी व्यवस्थापनाचे शुल्क वर्षाला १.३५ टक्क्यांपर्यंत असू शकते. त्याशिवायची शुल्के विचारून घ्यावीत.

बचत आणि विमा एकत्र असलेली पारंपरिक पॉलिसी आधीच घेतलेली असेल तर ती रागाच्या भरात मोडू नये. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडल्यावरची रक्कम, मिळू शकते, पण आता मोडणे, हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू (पेड-अप) ठेवणे आणि शेवटपर्यंत चालवणे या तिन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी मागवल्याशिवाय निर्णय घेऊ नये. आणि नवी टर्म पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी सोडूच नये.

आता कंपनी. मुंबईत या प्रश्नावर बहुतेकांचे मत आधीच पक्के असते, आणि त्याला इतिहास आहे. १९५६ साली देशातल्या २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले, त्याचे मुख्यालय नरिमन पॉइंटच्या ‘योगक्षेम’मध्ये आहे आणि त्याच्या पॉलिसीतील विमा रकमेला व जाहीर झालेल्या बोनसला महामंडळाच्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने केंद्र सरकारची हमी आहे. खाजगी कंपन्यांना अशी हमी नाही, मात्र विमा नियामक म्हणजे आयआरडीएआय त्यांच्यावर लक्ष ठेवते आणि सॉल्व्हन्सी गुणोत्तर, म्हणजे देणी भागवण्याची कंपनीची ताकद दाखवणारा आकडा, किमान १.५ राखणे सर्वांवर बंधनकारक आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरील तिमाही विवरणांत हे गुणोत्तर सापडते. ते गेल्या काही तिमाहींत सतत उतरत आले आहे का, एवढे पाहावे.

जाहिरातीत ठळक छापलेले दावा निकाली काढण्याचे प्रमाण, म्हणजे आलेल्या दाव्यांपैकी किती दाव्यांचे पैसे दिले हा आकडा, मात्र सावधपणे वाचावे. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे आकडे आता इतके जवळजवळ आले आहेत की अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकावर कंपनी निवडण्यात अर्थ नाही. त्याऐवजी नियामकाच्या वार्षिक अहवालातील कंपनीनिहाय तक्ता उघडावा आणि दाव्यांच्या संख्येचे प्रमाण व रकमेचे प्रमाण शेजारी शेजारी ठेवावे. रकमेचे प्रमाण बरेच खाली असेल, तर नाकारलेल्या दाव्यांत मोठ्या रकमेचे दावे जास्त आहेत असा त्याचा अर्थ होतो, आणि आपण मोठ्या रकमेचा विमा घेणार आहोत. गट विम्याचे आकडे वैयक्तिक विम्यात मिसळलेले नाहीत ना, हेही पाहावे. माझ्या मते याहून बोलका आकडा पॉलिसी टिकण्याचा आहे: तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्यापर्यंत किती पॉलिसी चालू राहिल्या, हे विवरणात दिलेले असते. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक लोक हप्ते सोडत असतील, तर त्यांना विकताना काय सांगितले गेले होते याचा अंदाज बांधता येतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण दावा अडतो तो बहुधा इथेच. अर्ज एजंटाने भरला तरी जबाबदारी सही करणाऱ्याची, म्हणून कोऱ्या अर्जावर सही करू नये आणि प्रत्येक प्रश्न स्वतः वाचावा. साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, आईवडिलांचे आजार, आधीच्या सर्व पॉलिसी, पूर्वी नाकारलेला एखादा अर्ज, हे सगळे लिहावे. तंबाखूच्या प्रश्नावर ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणून ‘नाही’वर खूण करणारे पुष्कळ असतात, मशेरी, गुटखा आणि जेवणानंतरची तंबाखूची चिमूट हीही तंबाखूच आहे आणि तपासणीत निकोटीनची खूण सापडते. जादा हप्ता परवडतो, लपवलेली सवय परवडत नाही. केईएम, सायन किंवा नायरचे जुने केसपेपर असतील तर ते शोधून अर्जासोबत जोडावेत. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही, पण पहिल्या तीन वर्षांतल्या दाव्याची कसून छाननी होते. त्यामुळे तीन वर्षांच्या भरवशावर काही दडवणे म्हणजे त्या तीन वर्षांपुरते घरच्यांना उघड्यावर ठेवणे आहे.

नावांचा गोंधळ हा खास आपल्याकडचा विषय. पत्नीच्या आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे आणि बँकेत मधले नाव वगळलेले, अशी घरे मुंबईत शेकड्यांनी सापडतील. नॉमिनीचे नाव अर्जात लिहिण्यापूर्वी ही तिन्ही नावे एक करून घ्यावीत आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी. लग्नाआधी आईला नॉमिनी केले असेल तर लग्नानंतर फेरविचार करावा. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले हे नॉमिनी असतील तर विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर रकमेवर त्यांचा लाभार्थी म्हणून हक्क येतो. अल्पवयीन मुलाला नॉमिनी केल्यास त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी प्रौढ व्यक्ती नेमावी लागते. धंद्यात कर्ज घेणाऱ्या विवाहित पुरुषाने विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली पॉलिसी घेण्याचा विचार जरूर करावा, कारण तशी रक्कम पत्नी व मुलांसाठी राखली जाते आणि सावकारांच्या हाती सहसा लागत नाही. हा पर्याय अर्जाच्या वेळीच निवडायचा असतो.

गृहकर्ज मंजूर होताना बँकेत समोर सरकवलेली एकरकमी हप्त्याची पॉलिसी तिथल्या तिथे स्वीकारू नये. ती घेणे कायद्याने बंधनकारक नाही, तिचा हप्ता बहुधा कर्जातच मिळवला जाऊन त्यावर वीस वर्षे व्याज लागते आणि तिचे संरक्षण कर्जाबरोबर घटत जाते. वर केलेल्या हिशेबात कर्ज धरलेलेच आहे.

हप्त्याचे कोटेशन जुने असेल तर नवे मागवावे: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, त्याआधी टर्म विम्यावर तो १८ टक्के होता. आपल्या कमिशनमधून पहिला हप्ता परत देतो म्हणणाऱ्या एजंटाला नकार द्यावा. ते विमा कायद्याने निषिद्ध आहे. करबचतीसाठी म्हणून पॉलिसी घेत असल्यास आधी आपण नव्या करप्रणालीत आहोत का ते पाहावे, कारण तिथे हप्त्याची वजावट मिळत नाही.

पॉलिसी आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक काळ मिळतो. त्या काळात नाव, जन्मतारीख, विमा रक्कम, मुदत, नॉमिनी आणि सोबत जोडलेली अर्जाची प्रत ओळ न् ओळ तपासावी. न पटल्यास पॉलिसी परत करता येते आणि तपासणीचा खर्च, मुद्रांक व तेवढ्या दिवसांचे जोखीमशुल्क कापून पैसे मिळतात. फाइलच्या पहिल्या पानावर पुढचा मार्गही लिहून ठेवावा: चौकशी न लागणारा मृत्यूदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली निघाला पाहिजे, तक्रार आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे, ज्याचे मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. तिथे शुल्क लागत नाही, पण लोकपालाची मर्यादा ५० लाखांची आहे. दीड कोटीच्या वादासाठी ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो. तिथे २०१९ च्या कायद्यानुसार अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यांवर ठरत असल्याने बहुतेक वेळा जिल्हा आयोगातच जाता येते.

शेवटी एका रविवारी जेवणे आटोपल्यावर जिला ही फाइल वापरायची आहे तिला शेजारी बसवावे, तिच्याच मोबाइलवरून कंपनीच्या खात्यात प्रवेश करायला लावून हप्त्याची पावती काढायला सांगावी आणि आपण मधे बोलू नये. ती जिथे अडेल तिथला पासवर्ड, क्रमांक किंवा कागद त्याच दिवशी फाइलच्या पहिल्या पानावर चढवावा.