डिजिटल गाणी विकत घेताय? आधी या चुका टाळा

गाणी विकत घेऊन स्वतःकडे ठेवणारे लोक अजून आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण "सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल" असं कोणी विचारलं की पुढे तेच ते घोळ ऐकायला मिळतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे नुसती किंमत बघायची आणि फाइल कुठली मिळणारे ते बघायचंच नाही. एमपी३ बनवताना आवाजातली काही माहिती कायमची टाकून दिलेली असते, ती परत येत नाही. फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये सीडीवरचं सगळं जसंच्या तसं राहतं आणि साइज साधारण निम्मी होते. फ्लॅकवरून एमपी३ कधीही करता येतं, उलटं केलं तर गेलेला आवाज काही परत येत नाही. म्हणजे एका दुकानात एमपी३ आणि दुसरीकडे थोड्या जास्त पैशात फ्लॅक असेल तर दुसरं स्वस्त, मी तरी असंच धरतो.

यातही फसायला होतं. एका अनोळखी साइटवर मला एक अल्बम अर्ध्या किमतीत फ्लॅकमध्ये दिसला, घाई केली आणि घेऊन टाकला. ऐकताना झांजा कशातरीच वाटायला लागल्या, पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या. मग गाण्यातल्या खालच्या-वरच्या आवाजांचं चित्र काढून दाखवणारा स्पेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे त्यात फाइल टाकली, तर चित्रात १६ किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे सगळ्यात उंच आवाजांच्या जागी, सगळं काळं, पट्टी लावून कापल्यासारखी सरळ रेघ, आणि बाराच्या बारा गाण्यांत तेच. सीडीवरून आलेल्या फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंत जागा असते. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग मुळातच विरळ असू शकतो पण तो हळूहळू विरत जातो, असा एकदम तुटत नाही. म्हणजे हलक्या दर्जाचं एमपी३ घेऊन त्याचंच फ्लॅक करून विकलेलं. तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. तेव्हापासून नवीन दुकानातून आधी एकच गाणं घेतो, तपासतो, मगच अल्बम.

सुटी गाणी घेत बसणं ही दुसरी चूक. आज एक, पुढच्या आठवड्यात दोन, असं करत आठ-नऊ गाणी झाली की बेरीज करून बघा, बऱ्याचदा अख्खा अल्बम त्याहून कमी पैशात असतो. ॲपलच्या आयट्यून्स दुकानात बऱ्याच अल्बमना कम्प्लीट माय अल्बमची सोय असते, आधी घेतलेल्या गाण्यांचे पैसे वजा होतात, पण ती गाणी तिथूनच घेतलेली हवीत.

बँडकॅम्प ही कलाकारांना स्वतःची गाणी थेट विकता येणारी साइट, आणि तिथला बँडकॅम्प फ्रायडे म्हणजे सेल नव्हे! मार्च २०२० मध्ये ते सुरू झालं, त्या ठराविक शुक्रवारी बँडकॅम्प स्वतःचा वाटा सोडतं आणि ते पैसे कलाकाराकडे जातात. किंमत तीच राहते, काही कलाकार त्या दिवशी स्वतःहून सूट देतात ते वेगळं. स्वस्तात हवं असेल तर एखाद्याचे सगळे अल्बम एकत्र घ्यायचा पर्याय आहे का बघा, तिथे चांगली सूट मिळते. आणि किंमत तुम्ही ठरवा असं लिहिलं असेल तर शून्य टाकण्याआधी जरा विचार करा, कोणीतरी महिनोन् महिने खपून ते बनवलेलं असतं.

टॅक्स आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरूनच दोन दुकानांची तुलना करा. डिलक्स एडिशन घेताना जास्तीची गाणी नुसती रिमिक्स आहेत का ते ऐकून बघा.

शेवटची चूक म्हणजे विकत घेऊन डाउनलोडच न करणं. "अकाउंटवर आहे ना" हे मी इतक्यांदा ऐकलंय. २००८ मध्ये याहूने संगीताचं दुकान बंद करताना लॉक असलेल्या गाण्यांना वाजायची परवानगी देणारे लायसन्स सर्व्हरही बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे पैसे मोजलेली गाणी नव्या कम्प्युटरवर वाजणारच नव्हती, शेवटी भरपाई द्यावी लागली. आता बहुतेक ठिकाणी लॉक नसतं, पण दुकानातून अल्बम काढला गेला की परत डाउनलोड मिळेलच असं नाही. मी त्याच दिवशी उतरवतो, पहिलं आणि शेवटचं गाणं पूर्ण वाजवून बघतो, एक कॉपी कम्प्युटरवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकतो, आणि पावतीचा मेलही त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवतो.