वरच्या रेटिंगवाल्यासमोर बसताय? या चुका टाळा

बुद्धिबळ स्पर्धांच्या स्विस पद्धतीत (कोणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत नवी जोडी) पहिल्या फेरीत रेटिंगनुसार, म्हणजे ताकदीच्या आकड्यानुसार, लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. म्हणजे नवख्याला तगडा प्रतिस्पर्धी मिळणारच. तरी नागपुरातल्या प्रत्येक स्पर्धेत तेच दिसतं: बोर्डावरचं नाव वाचून पोट्टं चाल खेळायच्या आधीच हरलेलं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बरोबरीच्या आशेने मारामारी, म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल, करत सुटणं. माझ्या एका विद्यार्थ्यासमोर रेटिंगमध्ये चारशेने वरचा खेळाडू होता. डाव पंधराव्या चालीपर्यंत अगदी समान. मग याने घोडे मारले, उंट मारले, वजीर मारला, शेवटी हत्तीही. पटावर उरली दोन्हीकडे सारखीच प्यादी. पण समोरच्याचा राजा मधोमध पोचलेला आणि याचा अजून कोपऱ्यात, किल्लेकोटातच. दहा-बारा चालींत एकेक प्यादं गेलं. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "सर, मोहरे तर सारखेच होते ना!" सारखेच होते, पण मोहरे कमी झाले की चुका लपवायला जागा उरत नाही, आणि एण्डगेम, म्हणजे मोजके मोहरे उरलेला शेवटचा टप्पा, हाच वरच्या खेळाडूचा खरा अभ्यास असतो. प्रत्येक मारामारीआधी मी एकच प्रश्न विचारायला लावतो: हे मोहरे गेल्यावर दोन्ही राजे कुठे असतील? उत्तर येत नसेल तर मारू नका.

आणि भीती कशाची? चारशेच्या फरकाला खालच्याकडून एका डावात अपेक्षा १ पैकी ०.०८ गुणांची. के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असेल तर हरल्यावर जातात ३.२ रेटिंग गुण, बरोबरीत मिळतात १६.८. जॉर्जियातल्या बाटुमीच्या २०२५ च्या महिला विश्वचषक अंतिम फेरीत कोनेरू हम्पी रेटिंगने वर होती; जिंकली आपली नागपूरची दिव्या देशमुख. पण तिचं नाव घेऊन क्लासला येणाऱ्या अनेकांना आठवड्यात ओपनिंगचे, म्हणजे सुरुवातीच्या चालींतले, सापळे पाठ हवे असतात. मी शिकवत नाही. वरचा खेळाडू ते सापळे ओळखतो, आणि सहाव्या चालीनंतर तुम्ही पटावर एकटे पडता.

बरोबरी सारखी विचारू नका. आधी चाल खेळा, मग विचारा, मग घड्याळ दाबा.

मोहऱ्याला हात लावून विचार करू नका. हात लागला की तोच खेळावा लागतो.

समोरचा भराभर खेळतो म्हणून तुम्ही खेळू नका. तुमचं घड्याळ वेगळं आहे.

आणि तगडे तुम्ही असाल, तर डाव समान आहे म्हणून चिडून उगाच मोहरा बळी देऊ नका. अजून तीस चाली खेळायची तयारी ठेवा.