मराठी दाव्याची अक्षरं बिघडत होती, ती अशी सुधारली
ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे मी टायपिंग करते. ई-फायलिंगसाठी, म्हणजे कोर्टात ऑनलाइन दाखल करायला केलेला मराठी दावा दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची. कारण जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहावीत यासाठीची प्रमाण पद्धत. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, पण तेवढ्यावर थांबू नका. रफार, जोडाक्षरं आणि विशेषतः गट नंबर, क्षेत्रफळ मूळ प्रतीशी ओळीने ताडून बघा. सातबाऱ्यातला एक आकडा चुकला तर मिळकतीचं वर्णनच बदलतं, आणि भोगावं लागतं पक्षकाराला. मग वर्डमधूनच थेट पीडीएफ करा. छापून नुसत्या स्कॅन केलेल्या पानांत शब्द शोधता येत नाहीत. सहीचं पान तेवढं स्कॅन करा. पानांचे क्रमांक मात्र सगळे दस्तऐवज जोडून झाल्यावरच टाका, म्हणजे अनुक्रमणिकेशी जुळतात.